काइक म्हणजे बघ

आज सकाळी बाल्कनीचं दार उघडलं आणि कापूस आत आला.

कापूस म्हणजे इथला. घरामागे पाण्याचा लांबच लांब चर आहे, त्याला इथे डचमध्ये स्लोट म्हणतात. स्लोटच्या पलीकडे उंच झाडांची रांग आहे. त्या झाडांचं नाव मला दोनदा सांगून झालं, पण जिभेवर बसलं नाही. मे महिना संपत आला की त्यांच्या शेंगा फुटतात आणि पांढरं, हलकं काहीतरी हवेत तरंगायला लागतं. सायकलींच्या सीटवर, खिडकीच्या जाळीत, पायपुसण्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर. इथली माणसं शिंकतात, डोळे पुसतात. मुलं त्याला बर्फ म्हणतात. मी पहिल्या दिवसापासून कापूसच म्हणते. माझा अर्धा जन्म अकोल्याकडच्या शेतांत कापूस वेचण्यात गेला, दुसरं काय म्हणणार?

दाराशी जमलेला कापूस चिमटीत उचलला. त्यात सरकी नव्हती, वजन नव्हतं. बोटांना लगेच कळलं की हा आपला नव्हे. आणि तेवढ्यात मनात तो जुना धसका उठला. चार वर्षं झाली, दर वर्षी याच दिवसांत उठतो. गावी असते तेव्हाही उठतो. तिथे मेमध्ये शेतं रिकामी असतात, कापसाचं बोंड औषधालाही सापडत नाही, तरी उठतो.

लेक सुजाता लॅबमध्ये गेली आहे. जावई ऑफिसला गेले. नात मैत्री शाळेत आहे. तिने दोन पानं लिहून सोडून दिलेली एक वही माझ्याकडे आहे, तीत लिहिते आहे. मी चौथीपर्यंत शिकले. अक्षर वाईट नाही, गुरुजी तसं म्हणायचे. पण पत्रं आणि किराण्याच्या याद्या यापलीकडे कधी काही लिहिलं नाही. हे कुणाला दाखवायचं नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि ही गोष्ट तर एकटीलाही मोठ्याने म्हणवत नाही. म्हणून लिहिते.

त्या पहिल्या वर्षी मी तीन महिन्यांसाठी आले होते. मैत्री तीन वर्षांची होती. मैत्रीचे आजोबा जाऊन चार वर्षं झाली होती, गावी मला अडवणारं कुणी नव्हतं. आले आणि महिन्याभरात सगळं बंद झालं. विमानं बंद, शाळा बंद, सुजाताची लॅब बंद. रस्त्यावर माणसं एकमेकांना बघून कडेला व्हायला लागली. दीड मीटर, दीड मीटर, असं सगळीकडे लिहिलेलं. खरं सांगायचं तर मला आधी बरंच वाटलं. मला माणसांची भीड वाटते. कुणी जवळ येत नाही, कुणी हात पुढे करत नाही, कुणी त्यांच्या भाषेत काही विचारत नाही, हे मला मानवलं. जगभर माणसं घाबरली होती आणि मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकत होते. त्याचीच शिक्षा पुढे झाली असं कधीकधी वाटतं.

फोन मला सुजातानेच घेऊन दिला. तोवर माझ्याकडे बटणांचा होता. हा काचेचा. तिने तो मराठीत करून दिला, निरोपांचं ते हिरवं अ‍ॅप उघडून दिलं, आणि माझी धाकटी बहीण वच्छला हिचं नाव सगळ्यात वर आणून ठेवलं.

"आई, आता मावशीशी पाहिजे तेवढं बोल. फोटो पाठव. फुकट आहे."

मी वच्छीच्या नावावर बोट ठेवलं. आत तिचा चेहरा होता, आणि चेहऱ्याच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: शेवटचे पाहिले, आज सकाळी ६:१०.

माझ्या हातून फोन मांडीत पडला.

आमच्याकडे हे शब्द एकाच वेळी ऐकू येतात. अंगणात तिरडी बांधून होते, उचलायच्या आधी कुणीतरी म्हातारा माणूस पुढे होऊन बायकांना सांगतो, शेवटचं पाहून घ्या. मैत्रीच्या आजोबांच्या वेळी माझ्या चुलत दिरांनी सांगितलं होतं. मी पाहिलं होतं. नाकात कापूस होता.

सुजाता हसून हसून बेजार झाली. "अगं आई, ते लास्ट सीन आहे! मावशीने फोन शेवटचा कधी उघडला त्याची वेळ. म्हणजे सहा दहाला ती ठणठणीत होती."

"मग तसं लिहावं ना."

"कसं?"

"सहा दहाला ठणठणीत होती, असं."

ती आणखी हसली. मीही हसले. पण तो शब्द आत जाऊन बसला तो बसलाच.

मला सगळ्यात आधी भीती घातली ती छापलेल्या अक्षरांनी. मी ज्या काळात शाळेत गेले तेव्हा छापलेलं म्हणजे पुस्तक, आणि पुस्तकात खोटं नसतं. गुरुजींनी पाटीवर लिहिलेलं पुसलं जायचं, पुस्तकातलं पुसलं जात नसे. आता माझ्या हातातल्या काचेवर रोज शंभर छापलेल्या गोष्टी यायच्या. माहेरच्या माणसांचा एक ग्रुप होता, त्यात भाचे, भाचसुना, चुलत भाऊ, सगळे. हे प्या म्हणजे होत नाही. ते खाल्लं की होतं. दुधाच्या पिशवीवरून येतो. नोटांवरून येतो. एक रडणाऱ्या बाईचा आवाज, खाली लिहिलेलं की ही अमक्या शहरातली नर्स आहे. रिकामे रस्ते, पिशवीत बांधलेली माणसं. खालती कुणीतरी हात जोडलेले, कुणीतरी रडकी तोंडं ठेवलेली. मी सगळं वाचायची. हळूहळू वाचते मी, ओठ हलवत, त्यामुळे प्रत्येक शब्द नीट आत जायचा. चार शिकलेली माणसं भरभर वरवर चाळून पुढे जातात. मला चाळता येत नाही.

सुजाता म्हणायची, "आई, हे सगळं खरं नसतं गं."

"मग छापतात कशाला?"



हळूहळू अंगात फरक पडायला लागला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची, पोळी लाटताना लाटणं निसटायचं. तीस वर्षं याच अंगठ्याने बोंडातून कापूस ओढला, बोटांना कवचांची टोकं टोचून रक्त निघायचं, पण अंगठा कधी दुखला नव्हता. आता नुसता काचेवरून फिरवून दुखायला लागला. मान वाकडी झाली. डोळ्यांत मिरची गेल्यासारखं व्हायचं. जेवायला बसलं की दोन घासांत पोट भरायचं. झोप तर तुकड्यातुकड्यांनी यायची. आणि ती टिंग. निरोप आला की फोन टिंग करायचा आणि छातीत धस्स व्हायचं. पुढे पुढे मायक्रोवेव्हची टिंग ऐकली, रस्त्यावरून सायकलची घंटी ऐकली, तरी हात खिशाकडे जायचा. गाऊनच्या खिशात फोन नसतानाही मांडीला तो थरथरल्यासारखा वाटायचा. एकदा मी आंघोळ करताना मांडी थरथरली. अंगावर कपडासुद्धा नव्हता.

छातीत धडधडतं म्हणून सुजाताने इथल्या घरच्या डॉक्टरांना, हाउसआर्ट्सना, फोन लावला. तेव्हा कुणाला सहज दवाखान्यात बोलवत नव्हते. डॉक्टरीणबाई फोनवरच विचारत होत्या आणि सुजाता मला मराठीत सांगत होती.

"आई, त्या विचारतायत, दिवसातून फोन किती वेळ बघता?"

"थोडा वेळ," मी म्हटलं.

"थोडा म्हणजे?"

"थोडाच गं. वच्छीपुरता."

सुजाताने तसं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पॅरासिटामॉल घ्या, बाहेर चालायला जा म्हणून सांगितलं. रविवारी फोननेच मला मराठीत कळवलं की या आठवड्यात तुम्ही रोज सरासरी सहा तास बावीस मिनिटं मला पाहिलं. मी घाईघाईने ते बोटाने सरकवून टाकलं, चोरी पकडल्यासारखं. कधीही खोटं न बोललेली मी बाई, पण त्या दिवसांत सारखी खोटं बोलायला लागले होते. "झोप झाली?" "झाली." "जेवलीस?" "जेवले." "काय बघतेस?" "काही नाही."

काही नाही, हा माझा त्या दिवसांतला मंत्रच झाला होता. मैत्रीलाही तोच.

मैत्रीला मराठी कळायचं, पण बोलताना तिच्या तोंडून तीन भाषांची खिचडी निघायची. पाळणाघरातली डच, आईबापांची इंग्रजी, अधूनमधून मराठी. मला निम्मं कळत नसे आणि पुन्हा विचारायची लाज वाटायची. नातीलासुद्धा लाजणारी आजी मीच असेन. त्यातला एक शब्द मात्र ती माझ्याशी सारखा बोलायची. काइक. मी सोफ्यावर फोन घेऊन बसले की यायची, गुडघ्यावर हात ठेवायची, "आजी, काइक." मला वाटायचं, काय करतेस म्हणते आहे. लहान मुलं शब्द अर्धा खातात. काय क. मी वर न बघता सांगायची, "काही नाही गं. बसलेय." थोडा वेळ थांबून ती निघून जायची.

वच्छीचं आणि माझं नातं नुसतं बहिणीचं नाही. ती झाली तेव्हा मी दहा वर्षांची होते, चौथीची परीक्षा नुकतीच झाली होती. आईला वेचणीला जावं लागायचं. पोर कोण सांभाळणार? मी. तिथे माझी शाळा संपली. झाडाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधायची, तीत वच्छी, आणि मी जवळच्या ओळीत कापूस वेचायची. हात कापसात, कान झोळीकडे. पुढे सुजाताही तशाच झोळीत वाढली. कापसाचं काम हाताला गुंतवतं, पण डोळे आणि कान मोकळे सोडतं. झोळीतलं पोर रडलं तर बरं असायचं. एकदम गप्प झालं की बघायला धावायचं. साप असेल, उन्हं तोंडावर आली असतील. पोराच्या गप्प होण्याला भ्यायचं, एवढंच मी आयुष्यात नीट शिकले.

वच्छी आता गावात एकटी राहत होती. नवरा गेलेला, मुलगा पुण्याला कंपनीत, तिथेच अडकलेला. रोज सकाळी तिचा कमळाचा फोटो यायचा, वर लिहिलेलं, जयभीम, शुभ सकाळ. मी तोंड धुवायच्या आधी तो फोटो बघायची. कमळ आलं म्हणजे वच्छी उठली. मग दिवसभर अधूनमधून तिचं नाव उघडायची. काही लिहायची नाही, बोलायची नाही. नुसती वेळ बघायची. शेवटचे पाहिले, ९:४०. शेवटचे पाहिले, १२:०५. आहे. जिवंत आहे. पुढच्या वेळेपर्यंत माझा श्वास चालायचा.

मे संपता संपता कापूस उडायला लागला, आणि त्याच आठवड्यात वच्छीचा निरोप आला. "बाई, अंगात कसकस वाटते." त्यानंतर काही नाही. दुसऱ्या दिवशी कमळ आलं नाही. मी लिहिलं, कशी आहेस. माझ्या अक्षरांपुढे बरोबरची एकच खूण आली. दुसरी येईना. फोन लावला तर बंद. पुण्याच्या भाच्याला लावला, तो म्हणाला, "मावशी, मीबी सकाळपासून लावतोय, लागत नाहीये. गावात पेशंट निघाला, गाव सील केलंय, मला पासच भेटत नाही." वच्छीच्या नावाखाली तीच अक्षरं गोठून राहिली होती. शेवटचे पाहिले, काल सकाळी ७:२५. मग काल या शब्दाच्या जागी तारीख आली.

माणूस जिवंत असतो तोवर त्याच्या नावाखाली आज असतो, काल असतो. त्याची तारीख झाली की काय समजायचं?

त्या दिवशी दुपारी ऊन छान पडलं होतं. मैत्रीचं पाळणाघर उघडलं होतं, पण आजी घरात आहे तर कशाला इतक्यात पाठवा, असं ठरलं होतं. सुजाता लॅबला परत जायला लागली होती. जावई आतल्या खोलीत कानांना हेडफोन लावून मीटिंगमध्ये होते. मी मैत्रीला घेऊन स्लोटच्या कडेच्या बाकावर गेले. तिच्या अंगात लाल टोपीचं जॅकेट होतं. लहान लाकडी पूल आहे तिथे पाणी वाहत नाही, साचून राहतं, आणि वरून पडलेला सगळा कापूस त्या कोपऱ्यात गोळा झाला होता. पाण्याचा थेंब दिसत नव्हता. गवत संपायचं तिथून पांढरं सुरू व्हायचं, सारखं, जाड, जिनिंगच्या आवारातल्या कापसाच्या गंजीसारखं. मी ते पाहिलं होतं. बसताना पाहिलं होतं. किती छान, असंही मनात आलं होतं. मग मी फोन काढला.

एकच खूण.

मी बंद करून पुन्हा उघडला. एकच खूण.

"आजी, काइक."

"काही नाही गं."

मी वच्छीचा फोटो मोठा करून पाहत होते. तिने तो गेल्या दिवाळीत काढला होता. कपाळावर घाम होता. मी त्या घामाकडे बघत होते.

"आजी, काइक! काइक!"

"काही नाही म्हटलं ना, मैत्री."

त्यानंतर आवाज आला नाही.

मला कुणी हाक मारली नाही, मी कसला विचारही केला नाही. ते गप्प होणं माझ्या मानेला कळलं, डोक्याला कळायच्या आधी. मान वर झाली. मैत्री कापसावर चालायला निघाली होती. एक पाय पांढऱ्यात गेला होता, दुसरा उतारावर घसरत होता. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आश्चर्य होतं, जमीन अशी कशी मऊ झाली याचं. मग ती कमरेपर्यंत गेली, मग छातीपर्यंत, आणि कापूस तिच्या भोवतीने मिटायला लागला.

बाकापासून काठ किती, चार पावलं. ती मी कशी टाकली माहीत नाही. गुडघे टेकले, हात घातला, लाल टोपी हाताला लागली. ओढली. ओलं पोर जड असतं. टोपी ताणली, शिवण उसवल्याचा आवाज झाला. मी पुन्हा ओढलं. ती चिखलासकट वर आली, तोंडाला, भुवयांना, नाकाला कापूस चिकटलेला. नाकाचा कापूस मी आधी पुसला. मग ती रडली. ती रडली तेव्हा मला श्वास आला.

पलीकडच्या रस्त्यावर एक बाई सायकलवरून उतरून उभी राहिली होती. तिने ओरडून काही विचारलं. मी मान हलवली. तिला काय कळलं कोण जाणे, पण आम्ही घराकडे वळेपर्यंत ती हलली नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते.

मी मैत्रीला एका हाताने ओढलं. डाव्या. डावा माझा कमजोर हात आहे. घरी येऊन तिला न्हाणीघरात उभी केली आणि जॅकेटची चेन काढायला गेले, तेव्हा मला दिसलं की माझी उजवी मूठ मिटलेली आहे आणि तिच्यात फोन आहे. पळताना होता. गुडघे टेकले तेव्हा होता. शिवण उसवली आणि मी पुन्हा ओढलं तेव्हाही होता. पोर पाण्यात जात होतं आणि माझ्या उजव्या हाताने फोन सोडला नव्हता. माझी साडी छातीपर्यंत भिजली होती, डावी बाही चिखलाने भरली होती, मैत्रीच्या बुटांतून पाणी निथळत होतं.

फोन कोरडा होता.

मी तिला ऊन पाण्याने आंघोळ घातली. कपडे मशिनला न लावता हाताने धुतले. टोपीची शिवण आतून बारीक टाका घालून शिवली. संध्याकाळी सुजाताला सांगितलं, काठावरच्या चिखलात पाय घसरला. "बघायचं ना आई जरा," ती म्हणाली, सहज, चपला काढता काढता. मैत्रीने आईला सांगितलं, "कापूस कोल्ड आहे." सुजाता हसली. आजपर्यंत तिला एवढंच माहीत आहे.

वच्छीचा फोन तिसऱ्या दिवशी आला. तिने स्वतः लावला होता. तिचा आवाज ऐकला आणि मी रडायलाच लागले.

"काहून वं बाई, रडून काहून रायली?"

"तुले काय झालं होतं?"

"काय होते मले? जरासक आंग तापलं होतं. आशाताई आली, तिनं तपासलं, गोळ्या देल्या. म्हणे काकू, आधी तो फोन बंद करा अन् झोपा. रोज उठलं का कोण मेलं, कुठं मेलं, तेच पाहून पाहून अर्ध्या आजारी झाल्या तुमी. मंग मी बंद करून टाकला कोठीत."

"कोठीत?"

"ज्वारीच्या. पार खाली. हाताशी रायला त पाहणं होते न वं. चार दिवस अशी झोपली ना बाई, लग्नाच्या आधी झोपत होती तशी."

"मले एक शब्द त सांगाचा होता, वच्छे."

"सांगतलं असतं त तू ईस वेळा फोन केला असता. मंग मी झोपली कवा असती?"

ती हसत होती. तिच्या मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मी भिंतीला टेकून खाली बसले. वच्छी ज्वारीच्या कोठीशेजारी घोरत होती, आणि मी तिला काचेत शोधता शोधता मैत्रीला पाण्यात घालून आले होते. तिला हे सांगावं असं जिभेवर आलं. पण जावई पाणी प्यायला बाहेर आले आणि मी म्हटलं, "ठेवते. तब्येत सांभाळ."

परतीचं विमान मिळायच्या आठवड्यात सुजाता एकदा मैत्रीला डच चित्रांचं पुस्तक वाचून दाखवत होती. मी बॅगेत कपडे घालत होते. पुस्तकात एक पिल्लू आईला सारखं तोच शब्द म्हणत होतं.

मी विचारलं, "सुजाता, काइक म्हणजे काय गं?"

"काइक? काइक म्हणजे बघ. आई, बघ. तुला नाही माहीत? रोज म्हणते की तुला. आजी, काइक."

मी साडीची घडी मोडून पुन्हा घातली. पुन्हा मोडली.

ती मला काय करतेस म्हणून विचारतच नव्हती. बघ म्हणत होती. सोफ्याशी येऊन, गुडघ्यावर हात ठेवून, तीन महिने, बघ. स्लोटच्या काठावर उभी राहून, बघ आजी, बघ, केवढा कापूस. आणि मी तिला सांगत होते, काही नाही. माझ्या वच्छीला दिवसातून शंभरदा बघत होते. पण त्या काचेत वच्छी खरंच आहे का, हे मात्र कधी मनात आलं नाही.

तेव्हापासून एक भीती माझ्या सोबत राहते. पाण्याची भीती वाटत नाही, आजाराचीही आता फारशी वाटत नाही. मला माझ्या उजव्या हाताची भीती वाटते. वेळ आली तेव्हा त्याने काय धरून ठेवलं, ते मला ठाऊक आहे. पुन्हा वेळ आली तर तो उघडेल का, ते ठाऊक नाही. गावी मीही फोन कोठीत ठेवायला लागले. आमच्या दोघींत तो विनोदच झाला आहे. मी फार वेळ बोलले की वच्छी म्हणते, "बाई, टाक आता कोठीत." इथे कोठी नाही, म्हणून सुजाताच्या पिठाच्या मोठ्या डब्यात ठेवते. ती कुरकुरते, "आई, फोनला कणीक लागते." लागू दे. पण डब्यात ठेवला म्हणून सुटका झाली असं नाही. पीठ मळताना अजून मांडी थरथरते. अजून सायकलची घंटी ऐकली की हात खिशाकडे जातो, अर्ध्यावर थांबतो. बसस्टॉपवर एखादी आई मान खाली घालून उभी असते, शेजारी बाबागाडीतलं मूल तिच्याकडे हात हलवत असतं. मला तिला काही म्हणायची हिंमत होत नाही. मी नुसती त्या मुलाकडे बघत राहते, बस येईपर्यंत.

गेल्या शनिवारी मैत्रीची पोहण्याची परीक्षा होती. या देशात पाणीच पाणी, म्हणून प्रत्येक पोराला पोहता आलंच पाहिजे, आणि नुसतं पोहण्याच्या कपड्यांत नाही, रोजच्या कपड्यांत, बूट घालून. चुकून पडलं तर कपड्यांतच पडणार ना. हे मला सुजाताने सांगितलं तेव्हा मी भांडी घासत होते, नळ तसाच सोडून उभी राहिले.

पोहण्याच्या तलावाच्या कडेला आईबाप, आजीआजोबा दाटीने बसले होते आणि सगळ्यांच्या हातांत फोन वर झालेले. पोरं पलीकडे रांगेत, शर्ट, पँट, बूट. सात वर्षांची मैत्री चौथी. अंगात लांब बाह्यांचा निळा शर्ट.  जावई कामाने बाहेरगावी होते. सुजाताने टॉवेल उचलला आणि तिचा फोन माझ्या हातात दिला.

"आई, मी तिकडे टॉवेल घेऊन जाते. तू व्हिडिओ काढ. लाल टिकली दाबलीये, नुसता धरून ठेव तिच्याकडे."

"मला नको गं."

"आई, प्लीज. तिच्या बाबाला बघायचाय."

ती गेलीही. फोन माझ्या उजव्या हातात होता. शिट्टी वाजली. पहिल्या मुलाने उडी टाकली. दुसऱ्या मुलीने. मी फोन धरला होता आणि त्याच्या काचेत मैत्री दिसत होती, अंगठ्याएवढी. तिने माझ्याकडे पाहिलं. मला काचेत ती दिसत होती. आणि काचेबाहेर, पाण्यापलीकडे, तीच खरीखुरी उभी होती. शिट्टी वाजली. ती गेली.

पाणी तिच्यावर मिटलं.

मी उभी राहिले. शेजारचा माणूस काहीतरी म्हणाला. निळा शर्ट पाण्याखाली पसरला होता, वर येत नव्हता. आला. डोकं आलं, तोंड उघडलं, पाणी थुंकलं, आणि ती शोधायला लागली, एवढ्या माणसांत, एवढ्या वर धरलेल्या फोनांत. मला शोधत होती.

घरी आल्यावर सुजाताने व्हिडिओ लावला आणि डोक्याला हात लावला.

"आई! हे काय काढलंस? मैत्री कुठेय? सगळं छतच आलंय!"

खरंच छत होतं. पांढरं, दिव्यांचं. मग फरशी. मग माझी चप्पल. उडीच्या जरा आधीपासून माझा उजवा हात खाली गेलेला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"आणि एवढी ओरडत काय होतीस? तू तर कधी मोठ्याने बोलत नाहीस. सगळे वळून बघत असतील."

"बघू दे," मी म्हटलं. तिला म्हटलं, हा पुसू नकोस. माझ्या फोनवर पाठव.

आज सकाळी कापूस आत आला तेव्हा डबा उघडून फोन काढला, कणीक पुसली, आणि तो एकदा लावला. छत दिसतं. पाण्याचा धप्प आवाज येतो. मग काहीच नाही. चार वर्षांपूर्वी स्लोटच्या काठावर झालं होतं तसंच गप्प. मग लांबून, घोगऱ्या आवाजात, "आजी, काइक!"

आणि लगेच, फोनला चिकटून, एक बाई ओरडते, "बघते गं! बघतेय! बघतेय!"

साडेदोन वाजत आले. शाळा सुटेल. वाट स्लोटच्या कडेने जाते, आणि पुलाच्या कोपऱ्यात आजही पांढरं साचलेलं असणार. वच्छीचं कमळ सकाळी आलं होतं. संध्याकाळपर्यंत मग काय होईल ते होईल. फोन पिठाच्या डब्यात ठेवला आहे, झाकण लावलं आहे. जाते. दोन्ही हात मोकळे आहेत.